इलेक्ट्रिक गिटारच्या पाठचं लाकडी झाकण: खोबणीत चपखल बसवायचं कसं?

रंधाप्रेमी (धागाकर्ता)

स्वतः गिटार बनवणाऱ्यांनी फोटो टाकले की मी आधी पाठीचा फोटो शोधतो. पुढची बाजू सगळेच जीव ओतून करतात. पाठीवर मात्र बऱ्याचदा काळ्या प्लास्टिकचा तुकडा, आणि त्याच्या कडेने कुठे अर्धा तर कुठे एक मिलिमीटर फट. पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग), स्विच आणि वायरी ज्या कप्प्यात असतात त्याचं हे झाकण. तेच बॉडीच्या लाकडाचं केलं, रेषा जुळवल्या आणि फट सगळीकडे सारखी ठेवली, तर झाकण कुठे सुरू होतं ते बोटाने चाचपावं लागतं. हे काम साध्या हातातल्या राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, होतं. बारकावे एका जागी यावेत, जाणत्यांनी भर घालावी, म्हणून हा धागा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. झाकण मोजून कापू नका. खोबण एका मापाने आणि झाकण दुसऱ्या मापाने काढलं, मग पॉलिश पेपरवर घासत बसवत गेलं, की एक बाजू बसेपर्यंत दुसरीकडे फट पडलेली असते. खोबण आणि झाकण एकाच टेम्प्लेटमधून (भोक पाडलेल्या साच्यातून) निघाली पाहिजेत. टेम्प्लेटच्या वळणात किंचित खोट राहिली तरी तीच खोट दोन्हीकडे उतरते आणि जोड नीट बसतो.

यासाठी राउटरला इनले किट लावतात. राउटरच्या तळाला बिटभोवती एक पितळी बुश (आखूड नळी) असतो आणि त्याच्यावर चढणारी एक सुटी कडी. नेहमीच्या किटमध्ये बिट १/८ इंची, म्हणजे ३.२ मिमी, बुशचा बाहेरचा व्यास ५/१६ इंच आणि कडी चढवल्यावर ९/१६ इंच. या दोन व्यासांतला फरक निम्मा केला की १/८ इंच येतो, म्हणजे कडीची जाडी बरोबर बिटच्या व्यासाएवढी आहे. सगळी करामत तेवढ्यात आहे. कडी लावून टेम्प्लेटच्या आतल्या कडेने फिरलात तर खोबण निघते. कडी काढून त्याच टेम्प्लेटमध्ये फिरलात तर बिटच्या आतल्या बाजूला जो तुकडा उरतो तो त्या खोबणीच्याच मापाचा. दोन्ही वेळा कापाची रेघ टेम्प्लेटच्या कडेपासून ५.५६ मिमीवर पडते. कागदावर आकडेमोड करून बघा, पटेल. म्हणून टेम्प्लेटचं भोक हव्या असलेल्या खोबणीपेक्षा चहूबाजूंनी ५.५६ मिमी मोठं काढायचं, आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या किमान ७.२ मिमी ठेवायची, नाहीतर कडी कोपऱ्यात पोचणारच नाही.

टेम्प्लेट ६ ते ९ मिमी एमडीएफचं पुरतं. त्याची आतली कड मात्र काचेसारखी गुळगुळीत हवी. एमडीएफची कड भुसभुशीत असते आणि बुश दाबला की दबते. म्हणून कडेला पातळ सुपरग्लू मुरवायचा, सुकल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा. टेम्प्लेट बॉडीवर धरायला मी मास्किंग टेप वापरतो: एक थर बॉडीवर, एक टेम्प्लेटच्या पाठीवर, आणि मधे सुपरग्लू. घट्ट धरतं, निघताना लाकडाला काही होत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी कप्पा खणतात आणि मग त्याच्या तोंडाशी झाकणाची बैठक, म्हणजे ते टेकायची पायरी, काढतात. तोवर मधलं लाकूड गेलेलं असतं, राउटरला टेकायला जागा उरत नाही, तो कलतो आणि बैठक खालीवर होते. आधी खोबण काढा, पूर्ण सपाट, झाकणाच्या जाडीएवढी खोल. नंतर दुसऱ्या लहान टेम्प्लेटने आतला कप्पा खणा. चहूबाजूंनी ५-६ मिमीची बैठक राहिली पाहिजे, आणि स्क्रूच्या जागी कान (रुंद भाग) राखून ती किमान १० मिमी रुंद. खोबण ३ मिमी खोल असेल तर ती दोन टप्प्यांत काढा. ३.२ मिमीचा बिट नाजूक असतो, एका दमात घातला तर वाकतो आणि भिंत तिरपी येते.

आता खुद्द झाकण. ३ मिमीच्या पातळ फळीतून एवढासा तुकडा राउटरने सोडवणं धोक्याचं आहे. शेवटच्या क्षणी तुकडा सुटतो, बिटमध्ये अडकतो आणि उडतो. त्यापेक्षा बॉडीतून उरलेला जाड ठोकळा घ्या. त्याच्या तोंडावर टेम्प्लेट चिकटवून झाकणाच्या भोवतीची चर ४ मिमी खोल काढा. झाकण अजून ठोकळ्यालाच जोडलेलं आहे, हलण्याचा प्रश्न नाही. मग बँडसॉवर ठोकळा उभा धरून वरची ३.५ मिमीची चकती कापा. चर त्याहून खोल असल्यामुळे झाकण अलगद सुटून हातात येतं.

हे करताना एका गोष्टीकडे अगदी डोळ्यांत तेल घालून बघायचं. खोबण काढताना बुश टेम्प्लेटच्या कडेपासून जरा आत सरकला तरी बिघडत नाही, तिथलं लाकूड तसंही जाणारच आहे. झाकण काढताना तो केसभर जरी आत सरकला तरी बिट झाकणाच्या कडेत घुसतो. आतल्या कडेने राउटर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, म्हणजे कापाचा जोरच त्याला कडेकडे ओढून ठेवतो.

चौथा_पडदा

जबरदस्त लिहिलंय. चकती कापून झाकण सोडवण्याची युक्ती फार आवडली, आजवर पातळ फळी डबल टेपवर चिकटवूनच करत आलो.

दोन शंका. बिट बुशच्या बरोबर मध्यात नसेल तर हे ५.५६ चं गणित कोलमडणार नाही का? आणि झाकण खोबणीच्या तंतोतंत मापाचं निघालं तर लॅकर मारल्यावर आत जाणार कसं?

रंधाप्रेमी

@चौथा_पडदा, दोन्ही शंका नेमक्या जागी आहेत.

मध्य साधायला शंकूच्या आकाराची पिन मिळते. ती कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, धरायची, तळपट्टीचे स्क्रू ढिले करायचे, शंकू बुशमध्ये टेकवायचा आणि स्क्रू आवळायचे. तरीही थोडी खोट राहतेच असं धरून चाला, आणि दोन्ही कापांच्या वेळी राउटरचं हँडल एकाच दिशेला ठेवून फिरवा. हात वळतो तसं यंत्र गोल फिरू द्यायचं नाही. मग जी काही खोट असेल ती दोन्ही कापांत एकाच बाजूला जाते.

फटीबद्दल: लॅकर खोबणीच्या भिंतीवर आणि झाकणाच्या कडेवर असा दोन्हीकडे चढतो. पातळ लॅकर असला तर फिनिशपूर्वी दर बाजूला ०.२ मिमी मोकळीक ठेवतो, जाड पॉली असेल तर ०.३. ही मोकळीक कडा घासून आणायची नाही, टेम्प्लेटमधूनच आणायची. झाकण कापताना टेम्प्लेटच्या आतल्या कडेला मास्किंग टेपचा एक थर लावला की बुश तेवढा आत येतो आणि झाकण दर बाजूला साधारण ०.१३ मिमीने लहान निघतं. दोन थर लावले तर पाव मिलिमीटर. टेपची जाडी आधी कॅलिपरने बघून घ्या, कंपनीगणिक बदलते. टेपचं टोक सरळ बाजूला येऊ द्या. वळणावर आलं तर तिथेच ती पायरी झाकणात उमटते.

शिवाय झाकणाची कड खालच्या बाजूला एक-दोन अंश आत घेतो. पॉलिश पेपर लावलेली सरळ पट्टी किंचित तिरपी धरून दोन-चार हात मारले की झालं. वरून दिसणारी रेघ बारीक राहते आणि खाली झाकणाला श्वास घ्यायला जागा मिळते. बसवताना झाकण बॉडीच्या पातळीपेक्षा ०.२ मिमी वर राहू द्यायचं आणि दोन्ही एकदमच ठोकळ्यावर घासायचं. पाठीला पोटाकडचा उतार असेल आणि झाकण त्या उतारात जात असेल, तर एकत्र घासण्याला पर्यायच नाही.

बेसवाला

माझा प्रश्न तयार झाकणाचा आहे. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला बेस आहे, महोगनीची बॉडी. आधीच्या मालकाने पाठीवर मेपलचं झाकण बसवून घेतलंय. दिसायला देखणं आहे, पण कोरड्या हवेत लांबच्या दोन्ही कडा वर उचलतात, आणि हवा दमट झाली की झाकण खोबणीत असं गच्च बसतं की स्क्रू काढूनही निघत नाही. आतून तांब्याची फॉइल चिकटवलेली आहे. झाकण नवीन करू की हेच घासून घेऊ?

अक्रोड

@बेसवाला, घासू नका. दमट हवेत घासून सैल केलंत तर कोरड्या हवेत फट दुप्पट दिसेल. दुखणं मापात नाही, लाकडाच्या निवडीत आहे.

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही. ते आडव्या अंगाने फुगतं आणि आटतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या समांतर दिशेला जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेला कमी, बहुतेक जातींत निम्म्याच्या आसपास. म्हणून चपट्या कापाची फळी (वर्तुळं तोंडाला समांतर) रुंदीत जास्त हलते आणि उभ्या कापाची (वर्तुळं तोंडाला काटकोनात) कमी. आकड्यांत बघा. झाकण रेषांच्या आडवं ९० मिमी रुंद आहे असं धरू, आणि लाकडातला ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. चपट्या कापाचं हार्ड मेपल सुमारे १.२७ मिमी वाढेल, उभ्या कापाचं ०.६ मिमी. महोगनी चपट्या कापात याहून शांत, ०.८५ च्या आसपास; उभा काप मेपलएवढाच, ०.६२.

आता तुमचं झाकण चपट्या कापाचं मेपल असेल आणि बॉडी उभ्या कापाची महोगनी, तर खोबण ०.६ ने रुंदावते आणि झाकण जवळपास १.३ ने. दर बाजूची ०.३ मिमी मोकळीक तिथेच संपली. वर पातळ झाकण हवेतला ओलावा पटकन घेतं आणि ४५ मिमीची जाड बॉडी सावकाश घेते, त्यामुळे मधल्या काळात फरक याहूनही मोठा असतो.

एवढ्यासाठी माझं ठाम मत आहे की रेषा जुळवणं हा नुसता दिसण्याचा भाग नाही. त्याच जातीचं, त्याच कापाचं लाकूड घेतलं आणि रेषा बॉडीच्या दिशेने ठेवल्या, की खोबण फुगते तेव्हा झाकणही तेवढंच फुगतं. झाकण आडव्या रेषांचं बसवलं तर दोघं एकमेकांच्या विरोधात जातात. शोभेसाठी वेगळं लाकूड हवंच असेल तर निदान उभ्या कापाचं घ्या.

कडा उचलण्याचं कारण वेगळं आहे. झाकणाच्या एका तोंडातून ओलावा येतो-जातो आणि दुसरं तोंड बंद आहे, असं झालं की लाकूड वाकतं. कोरड्या हवेत बाहेरचं तोंड आटतं, आतलं तसंच राहतं, म्हणून कडा वर येतात. दमट हवेत याच्या उलट, मधला भाग फुगवटा धरतो.

सोल्डरगन

अक्रोड यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो, कारण तिथे फॉइलचा थेट संबंध आहे. तांब्याच्या फॉइलमधून ओलावा जात नाही. आतलं तोंड फॉइलने बंद आणि बाहेर नुसतं तेल किंवा मेण, म्हणजे झाकण वाकणार हे ठरलेलं. फॉइल लावायची असेल तर बाहेरच्या तोंडावर तेवढाच बंदोबस्त हवा. मी आधी झाकणाच्या सहाही बाजूंना, कडा आणि स्क्रूची भोकं धरून, सीलर मारतो, आणि तो पुरता वाळल्यावर आत फॉइल लावतो.

फॉइल काढून टाकावी असं मात्र सुचवणार नाही. लाकडी झाकण विजेच्या दृष्टीने प्लास्टिकसारखंच, गुणगुण अडवण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारमध्ये झाकण उघडं ठेवून आणि लावून फरक ऐकून बघा. आवरण पुरं व्हायला झाकणाची फॉइल आणि कप्प्यातलं आवरण एकमेकांना टेकलं पाहिजे. त्यासाठी कप्प्यातला कंडक्टिव्ह पेंट किंवा फॉइल बैठकीवर निदान एका स्क्रूच्या कानापर्यंत आणायची आणि झाकणाची फॉइल त्याच जागी टेकेल एवढी कापायची. मल्टिमीटरचं एक टोक झाकणाच्या फॉइलला आणि दुसरं पॉटच्या पाठीला लावून कंटिन्युइटी बघितल्याशिवाय झाकण बंद करायचं नाही. दोन पट्ट्यांच्या जोडावर चिकटणाऱ्या बाजूच्या भरवशावर राहू नका, सोल्डरचा एक ठिपका द्या.

आणखी एक, लाकडी झाकणवाले हे हमखास विसरतात. ३ मिमीचं झाकण प्लास्टिकपेक्षा एक-दीड मिलिमीटर जास्त आत येतं. स्विचचे पाय किंवा जॅकची पाती झाकणाच्या फॉइलला टेकली तर आवाजच बंद. त्या जागी फॉइलवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा.

तीन_थर

इथे सगळे सलग लाकडाच्या बाजूने दिसतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी झाकणं तीन थरांची करतो: वर बॉडीच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, मधे त्याला आडवा थर, खाली पुन्हा वरच्यासारखाच. दीड-दोन मिमीमध्ये सगळं बसतं. वाकत नाही, स्क्रूच्या भोकापाशी चिरत नाही. कारखान्यातल्या गिटारींची खोबण प्लास्टिकच्या पातळ झाकणासाठी काढलेली असते. तेवढ्या जाडीचं सलग लाकूड रेषेच्या बाजूने बोटांनी मोडतं. तिथे थरांच्या झाकणाशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नाही.

अक्रोड

@तीन_थर, पातळ खोबणीबद्दल पूर्ण सहमत. सलग लाकूड ३ मिमीच्या खाली नेऊ नये.

पण थरांचं झाकण हलत नाही हाच त्याचा अवगुणही आहे. बॉडी हलतेच. फिनिश ओलावा थांबवत नाही, फक्त उशिरा पोचवतं. ९० मिमीची खोबण वर्षभरात अर्धा मिलिमीटर लहानमोठी झाली तर स्थिर झाकणाला तेवढी मोकळीक आधीच द्यावी लागते, म्हणजे वर्षातला काही काळ फट दिसणारच. सलग झाकणाला ती कमी लागते. खोबण खोल करण्याची तयारी असेल तर मी सलगच करेन.

तीन_थर

मान्य. मी दर बाजूला ०.३ ठेवतो आणि दोन्ही कडांना बारीकसा चामफर (तिरपी धार) मारतो. सावलीची एक रेघ तयार होते, त्यामुळे फटीतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. पण ही रेघ नकोच असेल, पाठ अखंड दिसायला हवी असेल, तर सलग लाकूड हे बरोबर.

रंधाप्रेमी

पाठ अखंड दिसण्यावरून आठवलं. बॉडीला वेगळी पाठपट्टी चिकटवणार असाल, समजा ५-६ मिमीची, तर चिकटवण्याआधीच झाकणाचा आकार तिच्यातून बारीक फ्रेट सॉने कापून काढा. तोच तुकडा झाकण, राहिलेलं भोक खोबण, आणि पट्टीखालची बॉडी आपोआप बैठक होते. फट फक्त पात्याच्या जाडीएवढी, रेषा तुटतच नाहीत. सुरुवातीच्या भोकाची जागा मात्र विचाराने निवडा: स्क्रूच्या कानाच्या टोकाशी किंवा रेषेवर जिथे गडद डाग असेल तिथे. पट्टी चिकटवताना भोकाच्या कडेने आत आलेला गोंद लगेच पटाशीने काढायचा, वाळला की बैठक बिघडते.

ठोकळ्यातून चकती कापणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. उभ्या कापाच्या लाकडात रेषा सरळ खाली उतरतात, म्हणून चार-पाच मिलिमीटर खालची चकतीही पाठीशी जुळते. चपट्या कापातल्या कमानी खोलीबरोबर सरकतात आणि झाकण लगेच ओळखू येतं. तिथे चकती थेट पाठीच्या पृष्ठभागावरूनच काढावी, त्यासाठी मुळातच जाड फळी घ्यावी लागते.

नवी_तार

धागा वाचून हुरूप आला. पण माझ्याकडे इनले किट नाही, राउटरही नाही. फ्रेट सॉ, पटाशा, कानस आणि पॉलिश पेपर एवढंच आहे. गिटार कारखान्यातली, प्लास्टिकचं झाकण साधारण २ मिमीचं. हाताने चपखल बसणारं झाकण करता येईल का? जुनं झाकण ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवू?

जुनी_पटाशी

@नवी_तार ताई, नक्की करता येईल. माझी सगळी झाकणं हातानेच केलेली आहेत. वेळ लागतो, पण शेवटची बारीक जुळवणी हाताला जितकी नेमकी जमते तितकी कशालाच नाही.

प्लास्टिकच्या झाकणावरून आखू नका. ते मुळातच सैल असतं आणि पेन्सिलीची जाडी त्यात आणखी मिळते. आकार खोबणीवरून घ्या. झाकण काढा, खोबणीवर पातळ कागद ताणून टेपने चिकटवा, आणि मऊ पेन्सिल आडवी धरून कडेकडेने घासा. खोबणीची कड कागदावर गडद रेघ होऊन उमटते. कारखान्याच्या गिटारला कडेवर लॅकरची गोलाई असते, त्यामुळे ही रेघ खऱ्या भिंतीच्या किंचित बाहेर पडते. चालेल, आपल्याला मोठ्याकडून लहानाकडेच यायचं आहे. कागद लाकडावर चिकटवताना रेषांची दिशा बॉडीशी जुळवा, बॉडीचं लाकूड दिसत नसेल तर लांबीच्या दिशेने ठेवा. तुमची खोबण २ मिमीची आहे, म्हणून तीन_थर यांनी सांगितलेलं थरांचं झाकणच करा.

रेघेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर सोडून कापा. पातं उभं राहतंय ना, ते दर वळणावर बघा. नंतर घासायला बोटांत नुसता कागद धरू नका, कड गोल होते. सरळ बाजूंसाठी चौकोनी पट्टीवर आणि आतल्या वळणांसाठी गोल दांड्यावर पॉलिश पेपर चिकटवा, झाकण सपाट फळीच्या काठावर ठेवा आणि पट्टी काटकोनात चालवा. १५० ने सुरुवात, शेवट २४० वर.

आता खरी जुळवणी. झाकण खोबणीवर ठेवा, एक टोक आत जाईल, दुसरं अडेल. अडतंय कुठे हे डोळ्यांनी ठरवू नका, नजर इथे फसवते. खोबणीच्या भिंतीवर मऊ पेन्सिलीचं शिसं चोळा, झाकण हलकेच दाबा आणि काढा. झाकणाच्या कडेवर जिथे काळा चकचकीत डाग आला तेवढाच भाग घासा, शेजारचा नाही. पुन्हा शिसं, पुन्हा दाब. सुरुवातीला डाग दोन-तीनच आणि ठळक असतात. मग ते लहान होत जातात आणि संख्येने वाढतात. सगळ्या कडेवर फिकट, सारखी करडी छटा आली की झाकण अंगठ्याच्या दाबाने आत जातं. तिथे थांबायचं, आणि मग लॅकरच्या मोकळीकीसाठी सगळीकडून मोजून सारखे हात मारायचे. आधी सरळ लांब बाजू जुळवून घ्या, तिच्या आधाराने बाकीचं वळण लावता येतं. वळणापासून सुरुवात केली तर झाकण दर वेळी वेगळ्या जागी बसतं आणि डाग खोटे येतात.

काम झाल्यावर खोबणीतलं शिसं स्पिरिटच्या फडक्याने पुसा. लॅकर कसला आहे हे माहीत नसेल तर आधी कप्प्याच्या आत, न दिसणाऱ्या जागी फडकं लावून बघा.

चौथा_पडदा

डागांची पद्धत वाचनखुणेत साठवली. कोणी लेसरवर कापून घेतलंय का? खोबण फ्लॅटबेड स्कॅनरवर शेजारी पट्टी ठेवून स्कॅन केली तर रेखाटन मिळेल असं वाटतं.

तीन_थर

@चौथा_पडदा, मी घेतो कापून. स्कॅनरची काच सपाट पाठीला चालते, पाठ वळणदार असेल तर कडा धूसर येतात. लेसर स्वतःच्या रुंदीएवढं लाकूड जाळतो, ती रुंदी लाकूड आणि यंत्राप्रमाणे बदलते. म्हणून आधी त्याच फळीत एक लहान चौकोन कापून कॅलिपरने मोजा आणि माप जेवढं कमी भरेल त्याच्या निम्म्याने रेघ बाहेर सरकवा. कड जराशी तिरपी येते. रुंद तोंड वर ठेवलं की रंधाप्रेमी म्हणतात तो आतला उतार आयताच मिळतो. जळलेली काळी कड मात्र फिनिशपूर्वी पुसट होईपर्यंत घासा, नाहीतर फिकट लाकडावर तीच उठून दिसते.

बेसवाला

सर्वांचे मनापासून आभार. अक्रोड, बाहेरचं तोंड बघितलं, नुसतं तेल आहे. आणि झाकणाच्या टोकाकडून पाहिलं तर वर्तुळांच्या रेघा तोंडाला जवळजवळ समांतर दिसतात, म्हणजे चपटा कापच. महोगनीचं उभ्या कापाचं, दोन्ही बाजूंनी सील केलेलं नवीन झाकण करायचं ठरवलंय. स्क्रूऐवजी चुंबक वापरले तर? बॅटरी बदलायला सारखं उघडावं लागतं.

सोल्डरगन

चालतील. ६ मिमी व्यासाची, २ मिमी जाड निओडिमियम चकती घ्या. झाकण ३ मिमीचं असेल तर भोकाखाली १ मिमीच लाकूड उरतं, म्हणून सपाट तळाचं भोक पाडणारा बिट वापरा आणि खोली ड्रिल स्टँडवर अडवून ठेवा. त्याहून बरं म्हणजे चुंबक बैठकीत बसवा, तिथे लाकूड भरपूर आहे, आणि झाकणात लोखंडाची पातळ चकती. उत्तर-दक्षिण ध्रुव जुळवायची कटकट राहत नाही. चिकटवायला इपॉक्सी, आणि चुंबक आधी खरखरीत करून घ्या. त्याचा गुळगुळीत मुलामा गोंद धरत नाही, काही दिवसांनी झाकणाबरोबर चुंबकच बाहेर येतो.

फॉइलचा संपर्क चुंबकाच्या ओढीवर सोडू नका. झाकणाच्या फॉइलपासून ग्राउंडला एक लवचिक वायर सोल्डर करा, झाकण बाजूला ठेवता येईल एवढी लांब.

रंधाप्रेमी

@बेसवाला, चुंबकाचं झाकण उघडायला नखाची खाच काढू नका, सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. एका टोकाची बैठक दीड मिलिमीटर खोल करा, म्हणजे त्या टोकाखाली पोकळी राहील. तिथे बोटाने दाबलं की झाकण बैठकीच्या कडेवर कलतं आणि दुसरं टोक वर येतं. वर येणाऱ्या बाजूचं चुंबक जरा कमी ओढीचं ठेवा. फक्त यासाठी दाबण्याच्या टोकाला फट थोडी जास्त लागते, कारण झाकण तिरपं होताना त्याची वरची धार भिंतीला घासते. 

नवी_तार

मी स्क्रूच लावणार आहे. भोकं कुठल्या टप्प्यावर पाडायची, फिनिशच्या आधी की नंतर? जुनी भोकं बॉडीत आहेतच, पण दोन खिळखिळी झालीत.

जुनी_पटाशी

फिनिशच्या आधी पाडा, म्हणजे भोकांच्या आतही सीलर जातो. खिळखिळी भोकं ४ मिमीच्या बिटने मोठी करून त्यात लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, वाळली की बैठकीच्या पातळीला पटाशीने कापा आणि नव्याने पाडा. झाकण खोबणीत ठेवून चहूबाजूंनी फटीत कागदाच्या पट्ट्या सरकवा. साधा छपाईचा कागद ०.१ मिमीचा असतो, दर बाजूला दोन किंवा तीन, पण सगळीकडे सारख्या. झाकण मध्यावर अडकलं की हलत नाही, मग जी भोकं जुनीच ठेवलीत त्यांची जागा झाकणावर खालून टोच्याने उमटवून घ्या आणि नवी वरून पाडा.

चार नंबरचा स्क्रू असेल तर झाकणात ३.२ मिमीचं भोक, म्हणजे लाकडाला सरकायला वाव राहतो, आणि महोगनीसारख्या लाकडात बॉडीला २ मिमीच्या आसपास. भोकाचा मध्य झाकणाच्या कडेपासून किमान ६ मिमी आत ठेवा. पितळी स्क्रू लावणार असाल तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून आत घालून काढा, आटे तयार होतात. पितळेला थेट आटे पाडायला लावलं तर डोकं तुटून दांडी आत राहते. आवळताना झाकण बैठकीला टेकलं की पुढे पाव फेरासुद्धा नको.